श्वासाला हवेचा टेकू

पेल्यातल्या पाण्यात स्ट्रॉ सहा सेंटिमीटर बुडवून फुंका. बुडबुडा निघायला लागतो तेवढ्याच दाबानं गरोदर बाईचं बीपी उतरतं, असं कुणी म्हटलं तर आपण हसू. पण २००० साली सिडनीतल्या संशोधकांनी हेच नोंदवलं. प्री-एक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणी रक्तदाब चढण्याचा आजार, झालेल्या ११ जणींना त्यांनी झोपताना नाकावर सी-पॅपचा, म्हणजे दाबानं हवा सोडणाऱ्या यंत्राचा, मास्क लावला. मास्कशिवायच्या रात्री सरासरी रक्तदाब होता १४६/९२, मास्कच्या रात्री १२८/७३!

झोपेत खरं तर रक्तदाब आपसूक उतरतो. या आजारात तो पुरेसा उतरत नाही, कधी उलटा चढतो. गरोदरपणी नाक आतून सुजतं, वाढतं गर्भाशय श्वासपटलाला वर रेटतं. त्यात प्री-एक्लॅम्पसियाची सूज पायांवर दिसते तशी घशातही असते. झोपेत स्नायू सैल पडले की ही अरुंद वाट आणखी मिटते. श्वास पूर्ण थांबतोच असं नाही. पुष्कळदा नुसतं घोरणं चालतं, आणि घरात त्याची थट्टा होते. आत मात्र प्रत्येक श्वास ओढून घ्यावा लागतो आणि आधीच आवळलेल्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात.

सी-पॅपही सिडनीचाच. कॉलिन सलिवन यांनी १९८० च्या सुमारास तो घडवला, तोही व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरून. त्यातून औषध जात नाही. खोलीतली साधी हवा जरा दाबानं नाकात सोडली जाते आणि तीच घशाच्या भिंतींना आतून टेकू देते. मला याचंच सर्वांत नवल वाटतं.

अर्थात असे अभ्यास फार छोटे आहेत. आजाराचं मूळ वारेत असतं आणि मास्क तिथवर पोचत नाही. रक्तदाबाची औषधं, झटके टाळायला मॅग्नेशियम सल्फेट आणि बाळंतपण कधी करायचं हा डॉक्टरांचा निर्णय, यांतलं काहीही त्यानं टळत नाही.

तरी २०१३ साली त्याच गटानं आणखी एक गोष्ट दाखवली. रात्रभर त्यांनी पोटातल्या बाळांची हालचाल मोजली, उचक्यासुद्धा. प्री-एक्लॅम्पसियात दोन्ही कमी भरल्या. मास्क नसलेल्या आयांच्या पोटात रात्र चढेल तशी बाळाची हालचाल मंदावत गेली. मास्क लावलेल्यांच्या पोटात ती वाढत गेली.