दर्शनी आराखडा : काय दाखवावे, काय वगळावे

शाळेची नवी इमारत असो, ग्रामपंचायतीचे कार्यालय असो वा आरोग्य उपकेंद्र असो, काम हाती घेण्यापूर्वी तिचे नकाशे गावच्या प्रतिनिधींसमोर आणि संबंधित अधिकाऱ्यांसमोर येतात. त्यांत तलयोजना असते, छेद असतो आणि इमारत बाहेरून कशी दिसेल हे सांगणारा दर्शनी आराखडा असतो. बांधकाम खात्याच्या बोलीत यालाच एलिव्हेशन म्हणतात. तलयोजना आणि छेद वाचण्यास थोडी सवय लागते. दर्शनी आराखडा मात्र कोणासही समजेल असा वाटतो आणि त्यामुळे बैठकीत बहुधा तोच प्रथम हाती घेतला जातो.

हा आराखडा चित्रासारखा दिसत असला तरी ते चित्र नव्हे. छायाचित्रात दूरची वस्तू लहान दिसते. दर्शनी आराखड्यात प्रत्येक भाग आपल्या मापातच राहतो. जोते जमिनीपासून किती उंच आहे, खिडकीचा तळ कोठे येतो, छज्जा आणि गच्चीचा कठडा किती उंचीवर आहे, हे त्यावर पट्टी ठेवून पाहता येते. म्हणूनच त्यात काय स्पष्ट दिसते आणि काय झाकले जाते याला महत्त्व आहे. आजकाल संगणकावर तयार होणाऱ्या आराखड्यांत झाकले जाण्याचा धोका वाढला आहे. कारण त्यांत माहिती कमी असते असे नाही. ती गरजेपेक्षा फार जास्त असते.

हाताने आरेखन होत होते त्या काळी या गोष्टीचा निराळा विचार करावा लागत नसे. आरेखक टी-स्क्वेअर आणि गुण्ये घेऊन फळ्यावर बसे, शाईच्या पेनाने रेषा ओढी. अनुरेखक ती ट्रेसिंग कापडावर उतरवी आणि अमोनियाच्या वाफेवर तिच्या प्रती निघत. कागदाचे प्रमाण सर्वांत आधी ठरे. १:१०० या प्रमाणात काम करणाऱ्या आरेखकास ठाऊक असे की, कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जागेवरचे दहा सेंटिमीटर. त्याहून बारीक वस्तू पेनाच्या टोकाखालीच नाहीशी होई. भिंतीवर विटा दाखवावयाच्या झाल्या तर तो एखाद्या कोपऱ्यात दोन-चार ओळी काढी आणि उरलेली भिंत कोरी ठेवी. कौलारू छपराचेही तसेच. आढ्याजवळ थोडी कौले, पागोळीजवळ थोडी, मध्ये मोकळी जागा. यात कलादृष्टी होती, तशीच हाताचे श्रम वाचविण्याची साधी इच्छाही होती, हे मान्य करावयास हरकत नाही.

संगणकाने ही मर्यादा दूर केली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली आपल्या प्रबंधासाठी ‘स्केचपॅड’ नावाची प्रणाली रचली. पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढण्याची सोय तीत होती. डिसेंबर १९८२ मध्ये ‘ऑटोकॅड’ विक्रीस आले आणि पुढील काळात साध्या कार्यालयीन संगणकावर नकाशे होऊ लागले. या पद्धतीत आरेखक वस्तू तिच्या खऱ्या मापात काढतो. तीस मीटरची भिंत संगणकात तीस मीटरचीच असते. प्रमाणाचा प्रश्न छपाईच्या वेळी येतो. पडद्यावर हवे तितके जवळ जाता येत असल्याने बिजागरीचा स्क्रूसुद्धा सुबक दिसतो, आणि तो काढण्यासही अडचण नसते. एकदा काढलेली खिडकी एका आज्ञेने वीस ठिकाणी उमटते. विटांचा नमुना यादीतून निवडला की क्षणात सारी भिंत भरते. श्रमाचा अडसर गेला, त्याबरोबर निवडीची सवयही मागे पडली.

विटांचे गणित

याचा परिणाम एका उदाहरणाने पाहता येईल. चार वर्गखोल्यांची, तीस मीटर लांब आणि ३.६ मीटर उंच अशी शाळेची इमारत घेऊ. भारतीय मानकातील प्रमाणित वीट १९० × ९० × ९० मिलिमीटर असते. सांधा धरून ती २०० × १०० मिलिमीटर जागा घेते. या हिशेबाने दर्शनी भिंतीत विटांचे ३६ थर आणि प्रत्येक थरात १५० विटा, म्हणजे एकूण ५,४०० विटा येतात. दारे-खिडक्यांपोटी चौथा हिस्सा वजा केला तरी चार हजारांवर उरतात. १:१०० या प्रमाणात प्रत्येक थर कागदावर एक मिलिमीटर उंच होतो. रेषा ०.२५ मिलिमीटर जाडीची असेल तर दोन रेषांमध्ये ०.७५ मिलिमीटर मोकळी जागा राहते. दोन समांतर रेषांमधील मोकळी जागा ०.७ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, असे आरेखनाचे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. म्हणजे मूळ कागदावर या विटा जेमतेम निभावतात.

परंतु मूळ कागद गावापर्यंत क्वचितच जातो. ए-१ आकाराचा कागद ५९४ × ८४१ मिलिमीटरचा असतो. तो छापणारे यंत्र तालुक्याच्या ठिकाणी सहसा हाताशी नसते, म्हणून आराखडा ए-३ कागदावर, म्हणजे निम्म्या मापात छापला जातो. मग रेषांतील जागा ०.४ मिलिमीटरच्याही आत येते. त्या प्रतीची छायाप्रत काढली, तिची आणखी एक काढली, की सारी भिंत करडी होते आणि तीवर लिहिलेली मापे त्या करडेपणात बुडून जातात. आणि एवढे करून ज्या विटा दाखविल्या, त्यांवर गिलावा होणार असतो! त्या कोणास कधी दिसणारच नसतात.

वर सांगितलेल्या ०.७ मिलिमीटरच्या मर्यादेवरून एक सोपा अंदाज बांधता येतो. १:२०० प्रमाणाच्या आराखड्यात जागेवर १४० मिलिमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन कडा वेगळ्या दाखवू नयेत. १:१०० मध्ये ७०, १:५० मध्ये ३५ आणि १:२० मध्ये १४ मिलिमीटर ही सीमा मानावी. खिडकीच्या चौकटीतील पाच मिलिमीटरची खाच १:१०० मध्ये ०.०५ मिलिमीटर होते. आरेखनासाठी प्रचलित असलेल्या पेनांत सर्वांत बारीक पेन ०.१३ मिलिमीटरचे आहे. तेव्हा अशी खाच संगणकात कितीही नीटसपणे काढली तरी कागदावर तिची शेजारच्या रेषेशी मिळून एक जाड काळी रेघ बनते.

झुडपांमागचा उतार

केवळ अवाचनीयतेचा प्रश्न असता तर तो आरेखकांवर सोडता आला असता. पण दाट आराखड्यात चूक लपते आणि तिचा भार इमारत वापरणाऱ्यांवर पडतो. वरील शाळेचे जोते जमिनीपासून ४५० मिलिमीटर उंच आहे असे समजू. दिव्यांग विद्यार्थ्याच्या चाकाच्या खुर्चीसाठी उतरत्या मार्गाचा चढ १:१२ पेक्षा तीव्र नसावा, हे आता सर्वमान्य झाले आहे. त्यानुसार या मार्गाची लांबी ५.४ मीटर हवी. तो इमारतीच्या दर्शनी बाजूस समांतर असेल, तर १:१०० च्या आराखड्यात ५४ मिलिमीटर लांबीची तिरपी रेषा म्हणून तो स्पष्ट दिसला पाहिजे. जागेच्या अडचणीमुळे तो तीन मीटरमध्येच उरकला असेल, तर चढ सुमारे १:६.७ होतो आणि खुर्चीतील मुलास तो एकट्याने चढता येत नाही. साध्या आराखड्यात ३० मिलिमीटरची आखूड, उभट रेषा शाळा व्यवस्थापन समितीच्या एखाद्या सदस्याच्या नजरेस येईल आणि तो प्रश्न विचारील. परंतु त्या रेषेपुढे पानापानांनी काढलेली झुडपे, फुलांचे वाफे आणि कठड्याची नक्षी असेल, तर ती कोणाच्या लक्षात येणार? ही झुडपे संगणकातील तयार संग्रहातून येतात. ती काढण्यास आरेखकाला कष्ट पडलेले नसतात. चूक उघडकीस येते ती शाळा भरल्यावर.

दुसरा घोटाळा पैशांचा असतो. आराखडा खुलून दिसावा म्हणून भिंतीवर दगडी पट्टे, खांबांवर खोबणी, प्रवेशद्वारावर कमान असे काही घातले जाते. अंदाजपत्रकात या कामांची बाब नसते. आराखड्यात पाहिले म्हणून गावकरी मागणी करतात, अंदाजपत्रकात नाही म्हणून ठेकेदार नकार देतो, आणि शाखा अभियंता दोहोंच्या कचाट्यात सापडतो. जे अंदाजपत्रकात नाही ते मंजुरीच्या आराखड्यात काढू नये, एवढा नियम पाळला तरी हा वाद बराच टळेल.

संगणकाने छापलेल्या मापांबद्दलही येथे सांगितले पाहिजे. खिडकीची उंची १,३४९.८७ मिलिमीटर अशी माहिती गवंड्याच्या कामाची नाही. गिलाव्याचाच थर बारा-पंधरा मिलिमीटरचा असतो. असे अपूर्णांक वाचून अचूकतेचा भास मात्र होतो. माप पाच किंवा दहा मिलिमीटरपर्यंत पूर्ण करून लिहिणे हे चांगल्या आरेखनाचे लक्षण होय.

नियंत्रण कसे ठेवावे

सुदैवाने उपायही संगणकातच आहेत. आरेखन प्रणालीत निरनिराळ्या प्रकारच्या रेषा निरनिराळ्या थरांवर ठेवता येतात. या थरांना आरेखक लेयर म्हणतात. भिंतीची बाह्यरेषा एका थरावर, दारे-खिडक्या दुसऱ्यावर, विटांचे व फरश्यांचे सांधे तिसऱ्यावर, झाडे चौथ्यावर. पारदर्शक कागदांची चवड एकमेकांवर ठेवावी तसे हे थर असतात, आणि नको तो थर छपाईपुरता बंद करता येतो. मंजुरीसाठीच्या १:१०० च्या पत्र्यावर सांध्यांचा थर बंद ठेवावा. १:२० च्या तपशील पत्र्यावर तोच उघडावा. मूळ आरेखन एकच राहते, त्यामुळे दोन पत्र्यांत विसंगती येत नाही. हे साधण्यासाठी आरेखनाच्या पहिल्या दिवसापासून शिस्त हवी. सारे काही एकाच थरावर काढून ठेवले असेल तर मागाहून वेगळे करण्यापेक्षा नव्याने काढणे सोपे जाते. काही नागरी संस्थांत बांधकाम परवानगीचे नकाशे आता संगणकच तपासतो, आणि तोही थरांच्या ठरवून दिलेल्या नावांवरूनच कोणती रेषा कशाची हे ओळखतो.

रेषांच्या जाडीचे महत्त्व याहून कमी नाही. जमिनीची रेषा ०.७, इमारतीची बाह्यरेषा ०.५, दारे-खिडक्यांची कड ०.३५ आणि पृष्ठभागावरील सांधे ०.१३ किंवा ०.१८ मिलिमीटर अशी उतरंड ठेवली, की पुढची भिंत पुढे आणि मागची मागे दिसते. सर्व रेषा एकाच जाडीच्या असल्या तर थोड्या रेषांचा आराखडाही गोंधळाचा वाटतो.

एकसारख्या दहा खिडक्या असतील तर एक पूर्ण काढून बाकीच्या नऊ केवळ चौकटीने दाखवाव्यात आणि सर्वांस एकच क्रमांक द्यावा. झडपा, गज, काच यांचा तपशील त्या क्रमांकाखाली खिडक्यांच्या तक्त्यात आणि मोठ्या प्रमाणाच्या पत्र्यावर द्यावा. एकच गोष्ट तीन ठिकाणी तपशीलवार काढली, तर दुरुस्तीच्या वेळी दोन ठिकाणी बदलते आणि तिसरीकडे राहून जाते.

अलीकडे इमारतीची संपूर्ण त्रिमित प्रतिकृती संगणकात उभारून तिच्यातून दर्शनी आराखडा आपोआप काढण्याची पद्धत रूढ होत आहे. ‘रेव्हिट’ या प्रणालीत तपशिलाच्या तीन पायऱ्या आधीच ठेवलेल्या आहेत : स्थूल, मध्यम आणि सूक्ष्म. ही सोय उपयुक्त असली तरी यंत्राला महत्त्वाचे आणि बिनमहत्त्वाचे यांतील फरक कळत नाही. ते आकारावरून किंवा दिलेल्या आज्ञेवरून चालते. शिवाय मागील बाजूस किती अंतरापर्यंतचे दाखवावे हे ठरवून दिले नाही, तर आवारातील पलीकडची पाण्याची टाकीसुद्धा शाळेच्या छपरावर उभी असल्यासारखी उमटते.

येथे उलट बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. जे बारीक ते वगळावे, याचा अर्थ ते बिनमहत्त्वाचे असा नव्हे. छज्जाच्या खालच्या कडेला पावसाचे पाणी तोडणारी जी खाच ठेवतात ती बोटभर रुंदही नसते. १:१०० च्या आराखड्यात ती दाखविणे अशक्य आहे. परंतु ती राहिली तर कोकणातल्या पावसात पाणी छज्जाखालून भिंतीवर येते आणि दोन-तीन वर्षांत खिडकीभोवतीचा गिलावा फुगतो. अशा खाचेला १:५ प्रमाणाचा स्वतंत्र छेद हवा, आणि दर्शनी आराखड्यावर छज्जापाशी त्या पत्र्याचा क्रमांक हवा. वगळलेली गोष्ट कोठे सापडेल हे सांगितले नाही, तर ती जागेवर राहूनच जाते.

जुन्या वास्तूंच्या बाबतीत तर सारा हिशेबच बदलतो. मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या वास्तूचे काम फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ साली सुरू झाले. २००४ मध्ये तिचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तिच्या दर्शनी भागावरील दगडी पाने, प्राणी, कमानींची वळणे हीच तिची ओळख आहे. अशा वास्तूच्या जतनासाठी आरेखन करताना झिजलेला दगड आणि तडा गेलेला सांधासुद्धा नोंदवावा लागतो, कारण दुरुस्तीचे काम त्याच नोंदीवरून होते. तेथेही हे सर्व एकाच पत्र्यावर कोंबून चालत नाही. संपूर्ण दर्शनी भाग लहान प्रमाणात केवळ मुख्य रेषांनी आणि त्याचे तुकडे १:२० किंवा त्याहून मोठ्या प्रमाणात, अशी विभागणी करावी लागते.

ग्रामपंचायत सदस्य, मुख्याध्यापक किंवा गटविकास अधिकारी यांनी आरेखनाचे तंत्र शिकण्याची गरज नाही. मात्र आराखडा समोर आल्यावर त्यांनी काही गोष्टी शोधून पाहाव्यात : जमिनीची रेषा व जोत्याची उंची, गावात पुराचे पाणी चढत असेल तर त्या पातळीची खूण, उतरत्या मार्गाची लांबी, खिडक्यांच्या तळाची पातळी, पावसाचे पाणी उतरण्याची जागा. यांतील एखादी सापडत नसेल तर झाडे आणि सांधे यांचे थर बंद करून नवी प्रत मागावी. आरेखकाला त्यासाठी काही मिनिटेच लागतात. आणि मंजुरीच्या सहीपूर्वी ए-१ च्या सुंदर प्रतीबरोबर ए-३ ची छायाप्रतही पाहून घ्यावी, कारण कामाच्या जागेवर सिमेंटच्या कोठीत खिळ्याला टांगलेली असते ती बहुधा तीच.