जलसंजीवनी आणि मुक्तस्रोत

जलसंजीवनीचे सूत्र कुणा एकाच्या मालकीचे नाही. म्हणूनच ती घरोघरी पोहोचली. मोबाईल अ‍ॅपची आज्ञावली, म्हणजेच कोड, कोणासही पाहता, बदलता व पुन्हा वापरता येईल अशा परवान्याने खुला ठेवला, की त्यास मुक्तस्रोत म्हणतात. वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ साली सुरू झालेले ‘ओपन डेटा किट’ हे त्याचे उत्तम उदाहरण. इंटरनेट नसतानाही फोनवर नोंदी घेणाऱ्या त्याच्या कोडवरच पुढे इतरांनी ‘कोबोकलेक्ट’ उभारले. मूळ श्रम वाचले.

बालकाच्या वजनावरून औषधाची मात्रा सांगणाऱ्या एका अ‍ॅपने एकदा मला दहापट मात्रा दाखविली. हिशेब हाताने पडताळला म्हणून निभावले. दशांशचिन्ह कोठे चुकले, हे पाहण्याची सोय नव्हती. कोड बंद होता. खुल्या कोडातही चुका असतात; परंतु त्या शोधता येतात आणि एकाने केलेली दुरुस्ती अनेकांच्या कामी येते.

सहव्यवसायी बंधुभगिनींनी असा कोड घेऊन अ‍ॅप करवून घेताना परवान्याच्या अटी पाळाव्यात, मूळ कर्त्यांचा उल्लेख राखावा आणि चार-दोन मात्रा स्वतः काढून ताडून पाहाव्यात. कोड अवश्य वाटावा. त्यासोबत बालरुग्णांच्या नोंदी मात्र जाऊ देऊ नयेत.