शब्दांचंही खानदान असतं

गेल्या पावसाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी अम्मीसोबत घरी आली. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, मार्कही चांगले. अकरावी सायन्स सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता. बसल्या बसल्या म्हणाली, "टीचर, मी आर्ट्सला जाते. सायन्स आपल्या बस की बात नाही."

मी तिची वही पाहिली. जीवशास्त्राचे इंग्रजी शब्द एकाखाली एक, बाजूला उर्दूत उच्चार. एरिथ्रोसाइट, ल्युकोसाइट, हेपॅटिक... प्रत्येक शब्द दहा-दहा वेळा लिहिलेला. ही सवय तिला मीच लावली होती. "रोज दहा शब्द, दहा वेळा" हा माझाच गृहपाठ. आठवड्यात सगळं विसरायची आणि दोष स्वतःच्या डोक्याला द्यायची.

मी विचारलं, "कातिब म्हणजे?"

"लिहिणारा."

"मकतूब?"

"लिहिलेलं. पत्र."

"मकतब? किताब? हे शब्द कधी दहा वेळा लिहिले होतेस?"

ती हसली. काफ, ते, बे हे तीन हर्फ दिसले की लिहिण्याशी संबंध आहे, हे आपल्या मुलांना कळतं. याला आपण माद्दा म्हणतो. शब्द नवा असला, तरी त्याचं खानदान ओळखीचं असतं.

इंग्रजीतल्या शास्त्रीय शब्दांचंही तसंच आहे. त्यातले बहुतेक ग्रीक आणि लॅटिन मुळांपासून बनले आहेत. फरक एवढाच की अरबीत मूळ हर्फांभोवती शब्द घडतो, तर इथे तुकड्याला तुकडा जोडला जातो. 'एरिथ्रो' म्हणजे लाल, 'ल्युको' म्हणजे पांढरं, 'साइट' म्हणजे पेशी. झाल्या रक्तातल्या लाल आणि पांढऱ्या पेशी! 'हेपॅट' म्हणजे जिगर, 'आयटिस' म्हणजे दाह, सूज. म्हणून जिगरची सूज ती हेपॅटायटिस. 'गॅस्ट्र' म्हणजे जठर, म्हणून गॅस्ट्रायटिस. 'आर्थ्र' म्हणजे सांधा, असं मी म्हणताच अम्मी गुडघा चोळत म्हणाल्या, "म्हणजे डॉक्टर मला आर्थ्रायटिस म्हणतात, ती सांध्यांचीच सूज?" त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. सगळ्यांत आधी सूत्र पकडलं ते त्यांनी.

लॅटिनही असंच. 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणं. बाहेर नेलं तर एक्स्पोर्ट, आत आणलं तर इम्पोर्ट, इकडून तिकडे नेलं तर ट्रान्सपोर्ट. 'स्क्रिप्ट' म्हणजे लिहिलेलं. 'मॅन्यु' म्हणजे हात, म्हणून हस्तलिखित ते मॅन्युस्क्रिप्ट. डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनमध्येही हेच 'स्क्रिप्ट' आहे.

ही मुळं आपल्याला परकीही नाहीत. उर्दू शाळेतला 'जुग्राफिया' मूळचा ग्रीकच. 'जिओ' म्हणजे पृथ्वी, 'ग्राफ' म्हणजे लिहिणं. 'फलसफा' आणि इंग्रजीतलं 'फिलॉसॉफी' एकाच घरचे. घरोघरी दादी ज्याला 'बलगम' म्हणते आणि इंग्रजीत ज्याला 'फ्लेम' म्हणतात, ते दोन्ही एकाच ग्रीक शब्दातून आले. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मुका राहिलेला 'जी' आपल्या बलगममध्ये 'गैन' होऊन अजून बोलतो! युनानी दवाखान्याच्या पाटीवरचं 'युनान' म्हणजे ग्रीसच. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक यांनी जालीनूसचे वैद्यकीय ग्रंथ ग्रीकमधून सिरियाक आणि अरबीत आणले. उलट दिशेनेही देणं झालं. अल-ख्वारिज्मी यांच्या ग्रंथाच्या नावातलं 'अल-जब्र' युरोपात जाऊन 'अल्जिब्रा' झालं.

मात्र एक सावधगिरी हवी. सारखे दिसणारे सगळेच नातेवाईक नसतात. 'पेडल'मधलं 'पेड' लॅटिन, अर्थ पाय. 'पेडियाट्रिशियन'मधलं 'पेड' ग्रीक, अर्थ मूल. 'इन' कधी आत, तर कधी नकार दाखवतो. तेव्हा आधी अंदाज करावा, मग शब्दकोश उघडावा.

घरी करायचं ते सोपं आहे. एक वेगळी वही, एका पानावर एकच मूळ, खाली त्याचं कुटुंब. आठवड्याला दोन मुळं पुरेत. औषधाचं पाकीट, दवाखान्याची पाटी, विज्ञानाचं पुस्तक, जिथे शब्द सापडेल तिथून उचलावा. आईवडिलांना इंग्रजी येत नसलं तरी बिघडत नाही. मुलाला एवढंच विचारा, "या शब्दाचे तुकडे कोणते?" उत्तर त्याला शोधू द्या.

ती मुलगी सायन्समध्येच राहिली. पहिल्या चाचणीत मार्क बेताचेच पडले. पण आर्ट्सचा विषय पुन्हा निघाला नाही. परवा तिचा मेसेज आला, "टीचर, नेफ्रॉनमधलं नेफ्र म्हणजे गुर्दा ना?"

"हो बेटा," मी लिहिलं.

आणि दहा शब्द दहा वेळा लिहायचा गृहपाठ? तो मी बंद केला आहे.