बालवाडीत कोणाचा खेळ मांडायचा?

पहिल्या इयत्तेपासून तिसरी भाषा शिकवावी की नाही, यावरून २०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जे रण माजले, त्यात दोन शासननिर्णय निघाले, २९ जूनला दोन्ही रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, हे वाचकांना ठाऊकच आहे. त्या साऱ्या वादात पाठ्यपुस्तकांच्या भाषा मोजल्या गेल्या. परंतु पहिलीत पाऊल टाकण्यापूर्वीची तीन वर्षे मूल ज्या बोलीत खेळते आणि ज्या वस्तू हाताळून खेळते, त्यांचा विचार क्वचितच झाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा एकसंध मानला आणि २०२२ च्या अभ्यासक्रम आराखड्याने खेळाला त्याच्या केंद्रस्थानी आणले, त्यामुळे हा प्रश्न आता अंगणवाडीच्या दारात उभा आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘जादुई पिटारा’ नावाची खेळणी, कोडी, चित्रपट्ट्या व गोष्टींची पेटी तेरा भारतीय भाषांत सिद्ध केली. हा उपक्रम स्वागतार्ह आहे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. परंतु एकाच दप्तरातून साऱ्या देशासाठी निघालेली पेटी कितीही आस्थेने भरली, तरी पालघर जिल्ह्यातील पाड्यावरचे मूल सकाळी काय हातात घेऊन खेळते, हे तिला आपोआप कळणार नाही. आणि नेमक्या याच प्रश्नाशी आपल्या राज्यात दोन स्त्रियांनी आयुष्यभर झुंज दिलेली आहे.

ताराबाई मोडक या भावनगरच्या दक्षिणामूर्ति बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्या सहकारी होत्या. माँटेसोरी पद्धतीचा त्यांचा अभ्यास सखोल होता आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. १९४५ मध्ये त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली म्हणून वस्तीतील मुले चालत येतील, ही अपेक्षा तेथे फोल ठरली. तेव्हा ताराबाईंनी मुलांच्या अंगणातच शाळा नेली, आणि १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे देशभर पसरलेली अंगणवाडी ही मुळात या बोर्डीच्या अनुभवाची देणगी आहे. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम करताना गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली, आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या मुलीला परत पाठवण्याऐवजी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्याची तजवीज झाली.

त्याहूनही मोलाचा प्रयोग साहित्याचा होता. माँटेसोरींचे लाकडी साहित्य महाग होते, हे तर खरेच, पण ते त्या मुलांच्या जगाबाहेरचेही होते. म्हणून शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या यांतूनच लहान-मोठे, जड-हलके, खरबरीत-गुळगुळीत, कमी-अधिक यांचे अनुभव योजण्यात आले. येथे एक शास्त्रीय अडचण आहे, तिचा उल्लेख करायलाच हवा. माँटेसोरींच्या साहित्यातील प्रत्येक लाकडी दट्टा ज्याच्या त्याच्या भोकातच नेमका बसतो, त्यामुळे मुलाला आपली चूक आपणच दिसते. चिंचोक्यांत ही सोय नाही. तेथे चूक ओळखणारी दृष्टी शिक्षिकेजवळ असावी लागते, म्हणजेच लाकडावर वाचलेला पैसा शिक्षिकेच्या प्रशिक्षणावर खर्च व्हायला हवा. कोसबाडचे अनुकरण करणाऱ्यांनी बहुधा हा दुसरा अर्धा भाग वगळला, आणि स्वस्त साहित्य तेवढे उचलले, याची खंत वाटते.

सांस्कृतिक वैविध्य म्हणजे पोशाख, अशी समजूत शहरी बालवाड्यांत दृढ झाली आहे. एखाद्या दिवशी मुलांना कोळी, आदिवासी किंवा पंजाबी वेष चढवून छायाचित्रे काढली, की कर्तव्य संपते; आणि वर्गात खरोखरच एखादे वारली मूल असेल, तर त्याच दिवशी त्याला आपण इतरांच्या करमणुकीचा विषय असल्याचे प्रथम जाणवते. याउलट भातुकलीच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या गॅसशेगडीशेजारी सूप, टोपली आणि मातीची चूल असेल, तर ज्या मुलीला शाळेची बोली अद्याप येत नाही, तीच सूप कसे धरायचे हे इतरांना दाखवते, आणि खेळ चालू ठेवण्यासाठी दोन्ही बाजूंची मुले एकमेकांचे शब्द उचलतात. डहाणू तालुक्यात वारली, गुजराती आणि मच्छीमार कुटुंबे शेजारी राहतात. तेथील अंगणवाडीला वैविध्य बाहेरून आणण्याची गरजच नाही. सागरगोटे, गजगे, भोवरा यांचे नियम गावागणिक बदलतात, आणि ते बदलले की वाटाघाट करावी लागते. चार वर्षांच्या मुलाला दुसऱ्याची रीत मान्य करण्याचा याहून प्रामाणिक पाठ मला माहीत नाही.

हे सारे घडवायचे ते अंगणवाडी सेविकेने, आणि तिच्या डोक्यावर पोषण आहार, लसीकरण, वजनाच्या नोंदी व मोबाइलवरील माहिती यांचा भार आहे. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातील सेविका मानधनासाठी संपावर गेल्या, तेव्हा त्यांच्या मागण्यांकडे केवळ खर्चाची बाब म्हणून पाहिले गेले. शिक्षणाची बाब म्हणून पाहणारे थोडेच होते. माझी सूचना साधी आहे. खेळसाहित्यासाठी मंजूर होणाऱ्या रकमेचा एक ठरावीक हिस्सा पेट्यांवर खर्च न करता सेविकेच्या हाती द्यावा. गावच्या बुरुडाकडून टोपल्या, कुंभाराकडून बोळकी आणि एखाद्या आजीकडून पाड्यावरचे खेळ गोळा करण्याचा अधिकार तिला असावा. आजीला त्या दिवसाची मजुरी मिळावी. आणि अशा खर्चाला छापील पावती नाही म्हणून हिशेबतपासणीत हरकत घेतली जाऊ नये, असे स्पष्ट शब्दांत शासननिर्णयात लिहावे.