येरवड्याची दक्षिणा आणि गणित

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजची मुळं पेशव्यांच्या दक्षिणेत आहेत! विद्वानांना वाटायच्या त्या निधीतून 1821मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं आणि 1868मध्ये ते येरवड्याला आलं. दगडी इमारतीला जिजीभॉय घराण्याची मोठी देणगी होती. दक्षिणा फेलोशिपही त्याच जुन्या निधीतली. दानाचा याहून सुंदर उपयोग मला माहीत नाही. ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ लिहिणारे केरूनाना छत्रे इथे गणित शिकवत आणि टिळक त्यांचे लाडके विद्यार्थी.

गणिताला प्रयोगशाळा लागत नाही, पण निवांत वर्षं लागतात. पैसा हवा तो त्यासाठी. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी 1976मध्ये पुण्यात गणिताच्या संशोधनासाठी भास्कराचार्य प्रतिष्ठान काढलं. गणितावर प्रेम असेल, तर आपल्या जुन्या कॉलेजात एखाद्या संशोधक विद्यार्थ्याचा खर्च उचला.