कॉम्बोची सूट : दिसते किती, मिळते किती?

कुरखेड्याहून कुणी स्वतः संगणक जोडायचा ठरवला, तर भाग आणायला नागपूरची सीताबर्डी गाठायची, नाहीतर ऑनलाइन मागवायचे. दोन्हीकडे एक शब्द हमखास कानावर येतो, तो म्हणजे 'कॉम्बो'. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम एकत्र घ्या आणि दोन हजार वाचवा! हे दोन हजार खरेच वाचतात का, ते आज पाहू.

दुकानदार अशी सूट का देतो? एकाच गिऱ्हाइकाला तीन वस्तू गेल्या, की प्रत्येकीवर थोडा कमी नफा घेणे त्याला परवडते. हे कारण सरळ आहे. दुसरे कारण म्हणजे न खपलेला माल चालत्या मालाबरोबर काढून टाकणे. इथे आपण सावध राहायचे.

एक हिशेब करू. समजा प्रोसेसर १०,०००, मदरबोर्ड ७,०००, कॅबिनेट ३,००० आणि कीबोर्ड-माउस १,००० रुपये. बेरीज २१,००० आणि कॉम्बो १९,००० ला. पण कीबोर्ड-माउस आपल्या घरी आहे आणि तसेच कॅबिनेट शेजारच्या दुकानात २,००० ला मिळते. म्हणजे सुटे घेतले तरी खर्च १९,०००च. सूट शून्य! म्हणून तुलना छापील किमतीशी नव्हे, त्या दिवशीच्या सुट्या भावाशी करावी. रॅमबाबत तर हे फारच महत्त्वाचे. एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले. गेल्या वर्षीचा भाव मनात धरून बसू नये.

दुसरी गोष्ट जुळणीची. एएमडीच्या एएम४ बोर्डावर डीडीआर४ रॅम बसते, २०२२ साली आलेल्या एएम५ वर फक्त डीडीआर५. एएम४चा कॉम्बो स्वस्त पडतो आणि कार्यालयीन कामाला पुरतो. मात्र पुढे नवा प्रोसेसर बसवायचा झाला, तर बोर्ड आणि रॅम दोन्ही बदलावे लागतात. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' असेल, तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. वेगळे ग्राफिक्स कार्ड न घेतल्यास पडद्यावर काहीच दिसणार नाही. कॅबिनेटबरोबर 'फुकट' येणारा पॉवर सप्लायही नीट पारखून घ्यावा. जिथे वीज कमी-जास्त होते, तिथे याच भागावर कंजुषी करू नये.

तिसरी गोष्ट बिलाची. जीएसटीसह पक्के बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाची किंमत व सीरियल नंबर वेगळा लिहून घ्या. वॉरंटी कॉम्बोला नसते, प्रत्येक भागाला वेगळी असते. एक भाग बिघडला तर वडसामार्गे पुन्हा नागपूर गाठायचे; त्या वेळी हाच कागद उपयोगी पडतो.

'हे घेतले तरच ते देऊ' असा आग्रह कुणी धरला, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ती प्रतिबंधक व्यापारी प्रथा ठरते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

तेव्हा निघण्यापूर्वी कागदावर दोन रकाने आखा. एकात आपल्याला लागणारे भाग आणि त्यांचे सुटे भाव, दुसऱ्यात कॉम्बोची किंमत. यादीत नसलेल्या वस्तूचा भाव शून्य धरा. एवढे करूनही कॉम्बो स्वस्त पडला, तर तो खुशाल घ्या.