उसाची नोंद आणि फोनची ओळख



आडसाली लागणीच्या नोंदी घेण्यासाठी आमचे स्लिपबॉय आपल्या बांधावर येतात, त्या वेळी गट नंबर, क्षेत्र, उसाची जात आणि लागणीची तारीख आपण काळजीपूर्वक सांगता. खोडव्याच्या क्षेत्रात दोन गुंठे कमी लागले तरी आपण गट ऑफिसात येऊन भांडता, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच फॉर्मवर मोबाईल नंबराचा रकाना असतो, तो मात्र "मागच्याच वर्षीचा लिहा" म्हणून सोडून देता. आजचा लेख त्या एका रकान्याविषयी आहे.

मागील हंगामात एक वयस्क सभासद गट ऑफिसात आले. म्हणाले, "साहेब, ऊस जाऊन आठ दिवस झाले, वजनाचा मेसेज काही आला नाही." आम्ही नोंदीतील नंबरावर फोन लावला. पलीकडून भलताच माणूस बोलला. "अहो, कुणाच्या तरी उसाचं टनेज मला येतंय. मी पोल्ट्रीवाला माणूस, माझा काय संबंध?" ऑफिसात हशा पिकला. मग सभासदांनी हळूच सांगितले की तो नंबर त्यांनी रिचार्ज न करता केव्हाच सोडून दिला होता, आणि बँकेच्या खात्यालाही तोच नंबर जोडलेला होता. तेव्हा सगळे गप्प झाले.

बंद पडलेला नंबर कंपनी किमान ९० दिवस कोणालाही देत नाही. त्यानंतर मात्र तो नव्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. म्हणजे ऊस बिलाचे पैसे ज्या खात्यात जमा व्हायचे, त्या खात्याचे गुप्त अंक परक्या माणसाच्या फोनवर जात होते. तो माणूस सज्जन म्हणून निभावले. सभासदांना त्याच दिवशी बँकेत पाठवून नंबर बदलून घेतला.

दोष आमचाही होता. नोंद होती, पण ओळख पटवलेली नव्हती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नोंदवहीत गट नंबर आहे म्हणून काट्यावर आलेली प्रत्येक गाडी आपण तशीच घेत नाही. चिठ्ठी पाहतो, ताडून बघतो, मगच वजन करतो. फोनचेही तसेच आहे.

टॉवर फोनला कसा ओळखतो?

मी शेतकी पदविका घेतलेला माणूस, कॉम्प्युटर हा माझा विषय नव्हे. पण कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागाकडून समजावून घेतले ते सांगतो. सिमकार्डात एक गुप्त किल्ली भरलेली असते. तीच किल्ली कंपनीच्या मुख्य कॉम्प्युटरमध्येही असते. फोन चालू केला की कंपनी सिमला एक वाटेल तो आकडा पाठवते. सिम त्या आकड्यावर आपल्या किल्लीने गणित करून उत्तर परत पाठवते. कंपनीही तेच गणित करते. दोन्ही उत्तरे जुळली की फोनला आत घेतले जाते. किल्ली स्वतः कधीच हवेतून जात नाही आणि आकडा दर वेळी नवा असतो. त्यामुळे मध्येच कोणी उत्तर ऐकले तरी पुढच्या खेपेला ते कामाचे नाही.

यात एक उणीव मात्र होती. जुन्या टू-जी पद्धतीत टॉवर फोनची ओळख विचारतो, पण फोन टॉवरची विचारत नाही. त्यामुळे खोटा टॉवर उभारून मेसेज पाठवणे भामट्यांना शक्य होते. थ्री-जीपासून दोघेही एकमेकांची ओळख पटवतात. बोध इतकाच, की मेसेजवर बँकेचे नाव आहे म्हणून तो बँकेचाच असेल असे समजू नये.

हॅंडसेटचाही नंबर असतो

सिमचा नंबर वेगळा आणि फोनच्या यंत्राचा वेगळा. यंत्राचा नंबर १५ अंकी असून त्याला आयएमईआय म्हणतात. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश एवढे दाबले की तो दिसतो. दोन सिमच्या फोनला असे दोन नंबर असतात. ते आजच सात-बाराच्या फाईलमध्ये लिहून ठेवा.

बाजारात फोन हरवला की आपण हळहळून गप्प बसतो. तसे करू नये. हरवलेले फोन बंद पाडण्याची केंद्र सरकारची सोय प्रथम महाराष्ट्र, गोवा आणि दादरा नगर हवेली येथे २०१९ साली सुरू झाली. मे २०२३ पासून ती 'संचार साथी' या संकेतस्थळावर साऱ्या देशासाठी आहे. आधी पोलिसांत तक्रार द्यावी व तिची प्रत घ्यावी. मग कंपनीकडून त्याच नंबराचे दुसरे सिम घ्यावे. नव्या सिमवर मेसेज सुरू व्हायला एक दिवस लागू शकतो. त्यानंतर संकेतस्थळावर अर्ज भरावा. अर्ज मंजूर झाला की त्या यंत्रात दुसरे सिम घातले तरी देशातील कोणत्याही कंपनीच्या नेटवर्कवर ते चालत नाही. फोन सापडल्यास पुन्हा चालू करण्याचा अर्जही तेथेच करता येतो. आपल्या नावावर किती सिम घेतलेली आहेत, हेही तेथे दिसते. अनोळखी नंबर आढळल्यास कळवावे.

विहिरीवरचा मोबाईल स्टार्टर

रात्रपाळीच्या लाईटला अंधारात, विंचू-काट्यातून विहिरीवर जाण्याचा त्रास या पेटीने वाचवला. पेटीत सिम असते आणि मालकाचे नंबर नोंदवलेले असतात. नोंदलेल्या नंबरावरून फोन गेला की मोटार सुरू होते. पण इथेही तेच घडते. घरातल्या मुलाचा, सालगड्याचा, वाटेकऱ्याचा नंबर आपण घालतो, आणि माणूस गेला तरी नंबर पेटीत तसाच राहतो. उद्या तो नंबर परक्याकडे गेला आणि त्याच्याकडून चुकून फोन लागला, तर विहिरीत पाणी नसताना मोटार सुरू होऊन जळायची! सेटिंगचा गुप्त अंकही बहुधा पेटी आली तेव्हाचाच असतो. तो बदलावा, आणि वर्षातून एकदा नंबरांची यादी तपासावी. नोंद करण्याइतकेच नोंद खोडणेही महत्त्वाचे.

आमच्या घरची गोष्ट

लोकांना सांगे ब्रह्मज्ञान असे होऊ नये, म्हणून आमचेही सांगतो. गट ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड बरेच दिवस कॅलेंडरच्या मागे लिहिलेला होता. चहावाल्या पोरालाही तो पाठ होता. त्याच वायफायवर लागणीच्या नोंदींचे टॅब चालतात. आम्हाला वाटायचे, टॅबच्या पत्त्यांची यादी केली आहे, मग काळजी कसली? प्रत्येक यंत्राला १२ अक्षर-अंकांचा पत्ता असतो हे खरे. परंतु ट्रॅक्टरवर खोटी नंबरप्लेट रंगवावी तसा तो पत्ताही नकली करता येतो. म्हणून आता प्रत्येक स्लिपबॉयला स्वतःचे नाव व स्वतःचा पासवर्ड दिला आहे. हंगामी माणूस ज्या दिवशी काम सोडतो, त्याच दिवशी त्याचे नाव कमी होते. बाहेरून आलेल्यांसाठी वेगळे वायफाय ठेवले असून त्यावरून नोंदीपर्यंत जाता येत नाही.

लागणीच्या नोंदीतही बदल केला आहे. स्लिपबॉय बांधावर उभा राहूनच आपल्या नंबराला रिंग देईल. आपल्या हातातला फोन वाजला तरच नंबर फॉर्मवर चढेल. मोबाईलवर आलेला कोणताही गुप्त अंक तो विचारणार नाही. विचारलाच तर देऊ नका आणि मला कळवा.

बिलाच्या दिवसांत सावध

फोनवरून पैसे देण्याची यूपीआय पद्धत २०१६ साली आली. तिचे ॲप प्रथम चालू करताना आपल्या सिमवरून बँकेकडे एक मेसेज जातो. त्यावरून हे सिम, हे यंत्र आणि हे खाते यांची गाठ बांधली जाते. म्हणून ते सिम परक्याच्या फोनमध्ये कधी घालू देऊ नये, आणि कोणी मेसेज पाठवायला सांगितला तरी पाठवू नये. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला. "बिल जमा करतो, पिन टाका" असे म्हणणारा भामटाच समजावा. फसवणूक झाली तर लाजू नका, ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

शेवटी एवढेच. बारा-अठरा महिने उसाला पाणी आपण घालायचे आणि मोळी दुसऱ्यानेच न्यायची, असे व्हायला नको. येत्या आठवड्यात गट ऑफिसात या, आपला नंबर वाजवून बघा, आणि जुना असेल तर खोडून घ्या. दोन मिनिटांचे काम आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी